वापरातल्या वस्तूला माफी

आमच्या मोगलाईत कायदा दोन वाटांनी यायचा. एक वाट दवंडीची. हलगी वाजायची, हुकूम ओरडून सांगितला जायचा, लोक ऐकून घ्यायचे आणि "म्हंजी पयल्यासारखंच हाय न्हवं?" असं एकमेकांना विचारून कामाला लागायचे. दुसरी वाट म्हणजे मी.

बीडच्या मोंढ्यात, म्हणजे धान्या-कापसाच्या बाजारात, एका अडत्याकडं मी कारकून होतो. सरकार निजामाचं, सरकारची भाषा उर्दू आणि मोंढ्यातल्या शेठलोकांना मोडीपलीकडं दुसऱ्या अक्षराचा गंध नाही, अशी सगळी मौज. हैदराबादेत नवा नियम निघाला की त्याची गश्ती, म्हणजे कचेऱ्यांतून फिरवलेला हुकूम, तहसिलीच्या भिंतीवर डकवली जायची. मी मदरशात उर्दू शिकलेलो. सकाळी तिथं जाऊन गश्ती वाचायची आणि दुपारी शेठच्या गादीवर बसून सगळ्या मोंढ्याला तिचा अर्थ फोडून सांगायचा, हे काम मी आपणहून अंगावर घेतलं होतं. कोणत्या मालाला करोडगिरी वाढली, कोणत्या वजनावर सरकारी शिक्का लागतो, मजूर लावणाऱ्यानं काय करायचं आणि काय नाही, सगळं मला ठाऊक. निदान मला तसं वाटायचं. करोडगिरी म्हणजे सरहद्दीवरची जकात. इंग्रजी मुलखातून माल आणला की नाक्यावर ती भरल्याशिवाय गाडी पुढं सरकायची नाही.

माझ्या ज्ञानाचा मोंढ्याला फायदा किती झाला ते देव जाणे. सरकी काढायच्या कारखान्याच्या एका मालकाला मी सांगितलं की, कामाच्या वेळांची पाटी लावणं आता सक्तीचं आहे. त्या बिचाऱ्यानं पेंटरकडून सोनेरी अक्षरांत झोकदार पाटी करून घेतली. मग कारखान्यात कापसाची धूळ फार, पाटी खराब होईल, म्हणून ती नेऊन घरी देवघरात टांगली. तपासणीला साहेब आला तेव्हा त्याला जोडे काढायला लावून देवघरात नेलं. साहेबानं पाटी पाहिली, तीर्थ घेतलं आणि निघताना विचारलं की, ही अक्कल कोणाची. मालकानं माझं नाव सांगितलं. मला तर तो सन्मानच वाटला.

दुसरं एक प्रकरण घोंगड्यांचं. गश्तीत असं होतं की, अंगावरच्या आणि वापरातल्या वस्तूला करोडगिरी माफ. मी एका घोंगड्यांच्या व्यापाऱ्याला म्हटलं, "माणसं घोंगडी पांघरून आली तर तो माल कसा? ती तर वापरातली वस्तू." त्यानं ऐन चैत्रात हमालांच्या अंगावर एकावर एक घोंगड्या चढवल्या आणि त्यांना नाक्यावर आणलं. तिथं एकजण उन्हानं घेरी येऊन पडला. नाक्यावरच्या जवानानं पाणी पाजायला म्हणून घोंगडी काढली तर खाली आणखी घोंगडी. कांदा सोलावा तशी ती निघतच गेली. व्यापाऱ्याला करोडगिरी बसली आणि वर दंडही. पण मी काही हार मानली नाही. कायदा बरोबर होता, हमालच कच्चा निघाला, असं मी मोंढ्यात सर्वांना पटवून दिलं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. माझा तर गोठाच रिकामा होता, फक्त मला तो दिसत नव्हता.

अशा ऐन भरात माझं लग्न ठरलं.

आमचं गाव चकलांब्याच्या अंगाला, सरहद्दीला लागून. मुलगी पलीकडच्या इंग्रजी मुलखातली. घर शेतकऱ्याचं, दाराशी बैल आणि रानात मेंढरं. सासरे मोजकं बोलणारे. बोलायच्या आधी समोरच्याचं पुरतं ऐकून घ्यायचे, आणि ऐकून झाल्यावर बहुतेक वेळा बोलायचेच नाहीत. मी त्यांना मामा म्हणू लागलो. जावई कायद्याचा जाणकार आहे म्हणून त्यांच्या गावात माझा बोलबाला झाला होता. तो कुणी केला हे सांगायला नको.

लग्नाआधी मी बीडहून गावी आलो. अंगाला हळद लागली. हळदीच्या नवऱ्यानं शीव ओलांडू नये, अशी आमच्याकडची रीत. मग बीडला जाऊन तहसिलीची भिंत बघणं तर लांबच राहिलं. आईनं हातात कट्यार दिली आणि पाटावर बसवलं. येणाऱ्या बायका गाणी म्हणायच्या, तेल लावायच्या, आणि मी बसल्या बसल्या विचार करायचो की, मोंढ्याचं माझ्यावाचून कसं चाललं असेल. मोंढ्याचं झकास चाललं होतं. हैदराबादचंही. तिथं नवी गश्ती निघाली, ती बीडला आली, नाक्यावर आली, आणि मी हळद लावून घेत बसलो होतो.

लग्न नवरीच्या दारी लागलं. जाताना वऱ्हाड नाक्यावरून गेलं, पण नवरदेव छकड्यात, वर छत, डोळ्यांपुढं मुंडावळ्या. मुंडावळ्यांतून जग दिसतंच किती! नाक्याची भिंत काही मला दिसली नाही.

लग्न झालं, जेवणावळी झाल्या, आणि नवरीच्या पाठवणीची वेळ आली. आंदणाची भांडी गाडीत रचायला काढली, तेव्हा सगळं गाव बघायला गोळा झालं. सासूबाईंनी पोरगी पाळण्यात असल्यापासून एकेक करून ती जमवलेली. तांब्याचा हंडा, घागर, पितळेची मोठी परात, पातेली, कळशी, तांबे. सगळं कोरं. एकेक भांडं जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून ठेवलेलं. उन्हात काढलं तर डोळे दिपायचे. आमच्याकडं नवरी घरात आली की, तिचं आंदण दारापुढं मांडतात आणि आळीतल्या बायका येऊन बघून जातात. त्या भांड्यांवरून सोयऱ्याची पत ठरते, आणि पुढं कैक वर्षं सून सासरी किती मान वर करून वावरणार तेही. सासूबाईंचा हात परातीवरून निघत नव्हता.

आणि तिथं माझ्यातला कायदेपंडित जागा झाला.

मामा आम्हाला शिवेपर्यंत पोचवायला बरोबर निघाले. नवरीची पाठराखीण म्हणून तिची चुलत आजी गाडीत बसली. नाका थोडा पुढं राहिला असताना ओढ्याकाठी चिंचेच्या सावलीत बैल सोडले, तेव्हा मी शेला सावरून उभा राहिलो. मुंडावळ्या कानावर टाकल्या. वऱ्हाड गोल बसलं होतं. मी सांगितलं की, ही भांडी कोरी आहेत, म्हणजे कायद्यानं हा माल आहे, आणि मालाला करोडगिरी पडते. पण वापरातल्या वस्तूला माफी आहे. तेव्हा इथंच चुली मांडा, प्रत्येक भांड्यात काहीतरी शिजवा, भांडी काळी करा, म्हणजे नाक्यावर कोणाच्या बापाची बोटभर कळशी अडवायची टाप नाही. घोंगड्यांचा अनुभव जमेस धरून मी हेही सांगितलं की, नुसता देखावा नको, खरोखर शिजलं पाहिजे.

सगळे गप्प. मला वाटलं, माझ्या हुशारीनं दिपले.

मामांनी विचारलं, "असंच हाय का जावायबापू? मधी नवीन काय निघालं तर न्हाई ना?"

मी हसलो. अडाणी माणसाला समजावून सांगताना हसतात तसं हसलो, आणि म्हणालो, "मामा, नवीन काही निघालं असतं तर पहिल्यांदा मलाच कळलं असतं."

पाठराखीण आजी म्हणाली, "पर नाक्यावर तर..." तिचं पुरतं व्हायच्या आत मामांनी तिला घागरभर पाणी आणायला ओढ्यावर पिटाळलं. म्हातारीला पाणी आणायला सांगतात याचं मला नवल वाटलं, पण नाक्यावरच्या जवानांना भीत असेल बिचारी, असं समजून मी सोडून दिलं.

मामा उठले आणि त्यांनी स्वतः चुलींना दगड गोळा केले. मग सगळं वऱ्हाड कामाला लागलं. बाभळीच्या काटक्या आल्या, शेणकुटं आली. हंड्यात ज्वारीच्या घुगऱ्या टाकल्या, पातेल्यांत पिठलं, घागरीत नुसतंच पाणी. पाठराखीण परत आली आणि भांड्यांना खालून मातीचा लेप द्यायला लागली. लेप दिला की जाळ भांड्याला न लागता लेपाला लागतो आणि मग घासायला सोपं जातं, हे बायकांचं रोजचं शहाणपण. मी तिला तिथंच अडवलं. लेप दिला तर काजळी कशी धरणार, आणि काजळी नसेल तर भांडं वापरातलं कसं, असा माझा बिनतोड मुद्दा होता. म्हातारीनं माझ्याकडं पाहिलं, मग मामांकडं पाहिलं, आणि हातातली माती झटकून टाकली.

परातीचं काय करावं हा प्रश्न पडला. परातीत पीठ मळतात, ती चुलीवर ठेवत नाहीत. मी म्हटलं, पीठ मळून वाळलेलं कुणाला दिसतं, हिलाही ठेवा चुलीवर. ठेवली. तिच्यात वाटीभर शेंगदाणे भाजले. जरा वेळानं ती ठप्प असा आवाज करून मधोमध फुगली. आतली कल्हई तर जागोजाग वितळून थेंब थेंब झाली. नवरी गाडीच्या चाकाशी बसली होती, पदर पुढं ओढून. त्या आवाजाबरोबर तिची मान हलली, एवढंच मला दिसलं.

पिठलं सगळ्यांनी खाल्लं. कोऱ्या कल्हईची चव त्याला उतरली होती, पण नवरदेवानंच वाखाणल्यावर कोण काय बोलणार?

नाक्यावर पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. करोडगिरीचा कारकून खाटेवर पानदान घेऊन बसलेला. आमच्या गाडीत डोकावला आणि नाकाला रुमाल लावला. भांडी काळीकुट्ट, पिठल्याचे ओघळ वाळलेले, वर माश्या. त्यानं विचारलं की, लग्नाच्या गाडीत हे खरकटं कशाला. मी पुढं झालो. शुद्ध उर्दूत त्याला सांगितलं की, हे सगळं वापरातलं सामान आहे, अमुक गश्तीप्रमाणं ते माफ आहे, हवं तर हुंगून बघा.

त्यानं माझ्याकडं पाहिलं, भांड्यांकडं पाहिलं, मुंडावळ्यांकडं पाहिलं. मग हातानं पाठीमागची भिंत दाखवली. तिथं नवी गश्ती डकवलेली होती. कागद अजून कोराच दिसत होता.

"मियाँ," तो म्हणाला, "शादी के सामान को तो अब माफी है. नया हो या पुराना, दुल्हन का है तो जाने दो."

मी वाचली. स्पष्ट लिहिलं होतं. नवरीचं आंदण, कोरं असो की जुनं, करोडगिरीतून सुटलं होतं. मी आणखी एकदा वाचली, कारण काय करावं ते सुचत नव्हतं. कारकुनानं जवानांना बोलावून घेतलं, एकेक भांडं उचलून दाखवलं आणि मनसोक्त हसला. वर, जाता जाता, नवरीला सांगा चिंच आणि राखेनं घासायला, असा सल्लाही दिला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते ह्यालाच. मी वळून बघितलं तर मामा बैलाच्या जोताची दोरी बघत होते. ती चांगली बांधलेली होती, तरी त्यांनी ती सोडली आणि पुन्हा बांधली.

तिथूनच ते मागं फिरले. लेकीच्या डोक्यावर हात ठेवला, मला नमस्कार केला. मीही केला.

घरी पोचलो. वऱ्हाडातल्या आमच्या माणसांनी माझी लाज राखून गावात काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी आंदण दारापुढं मांडायचं. आईनं आदल्या दिवसापासून आळी निमंत्रून ठेवलेली. सुनेच्या माहेरचा माल येणार म्हणून अंगण सारवलेलं, वर रांगोळी. त्यावर ती काळी भांडी ओळीनं मांडली गेली. मी म्हणालो होतो, घासून मग मांडू. पण एका रात्रीत निघणारी ती काजळी नव्हती. माझ्याच सांगण्यावरून लेप दिलेला नव्हता ना.

बायका आल्या. एकीनं परात उचलून पाहिली. एकीनं हंड्यात वाकून पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. कुणीतरी म्हणालं, सोयऱ्यानं चुलीवरची भांडी उचलून दिली वाटतं. आईचा चेहरा उतरला. माझी बायको उंबऱ्याशी खाली मान घालून उभी होती. तिनं एक शब्द बोलायचा अवकाश होता: की हे माझ्या माहेरानं केलेलं नाही, तुमच्या लेकानं केलंय. पण पहिल्या दिवशी सून नवऱ्याविरुद्ध बोलत नसते. ती पायाच्या अंगठ्यानं सारवण उकरत राहिली.

मला ते बघवेना. मी अंगणात जाऊन सगळं सांगून टाकलं. चुली, शेंगदाणे, कारकून, भिंत, सगळं. आधी कुणाला समजेना. मग समजलं. मग ज्या हसल्या बायका, ते हसू आळीभर, गावभर, आणि बाजाराच्या गाड्यांबरोबर माझ्याआधी बीडच्या मोंढ्यात जाऊन पोचलं. आईनं आठ दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. सुनेशी मात्र ती त्या दिवसापासून गोड वागायला लागली. माझ्या अब्रूच्या मोबदल्यात तेवढं एक चांगलं पदरात पडलं.

मोंढ्यात गेलो तर शेठ म्हणाले, "या, वापरातले." मी गादीवर बसलो की कोणीतरी विचारायचं, हे धोतर कोरं आहे, शिजवून आणू का? नारायणगडाच्या जत्रेहून आलेला एक व्यापारी तर सांगत होता की, तिथंही ही गोष्ट त्यानं दोन निराळ्या माणसांच्या नावावर ऐकली. मला त्याचं वाईट वाटलं. निदान नाव तरी माझं असायला हवं होतं. गश्ती सांगायचं काम पुढं एका तरुण कारकुनाकडं गेलं. तो रोज संध्याकाळीही पुन्हा भिंत बघून यायचा. लोक मला हसून त्याच्याकडं जायचे, आणि खरं सांगायचं तर बरोबरच करत होते.

घरी बायको रोज काम आवरलं की एक भांडं घेऊन बसायची. चिंच, राख, वाळू. तांबं हळूहळू उजळायला लागलं. हंडा निघाला, कळशी निघाली. परात काही केल्या सपाट होईना. जमिनीवर ठेवली की गरगर फिरायची.

आषाढ लागेपर्यंत आम्ही एकमेकांशी मोकळं बोलायला लागलो होतो. एकदा ती घागर घासत होती आणि मी शेजारी बसून, मला तेव्हा सवयच लागली होती तशी, स्वतःची बाजू मांडत होतो. म्हणालो की, चूक झाली हे खरं, पण नवीकोरी गश्ती, आम्ही हळदीत. अशात कोणाला ठाऊक असणार? ठाऊक असायला माणूस ज्योतिषी पाहिजे.

ती घासता घासता म्हणाली, "आबांना ठाऊक व्हतं."

मला वाटलं, चेष्टा करते.

मग तिनं सांगितलं. पाठवणीच्या आदल्या दिवशी मामा स्वतः नाक्यावर गेलते. लेकीचं आंदण न्यायचं, वाटेत अडवणूक नको, म्हणून विचारून आलते. कारकुनानं त्यांना सांगितलं होतं की आता काही लागत नाही. त्यांनी घरी येऊन सांगितलं, तेव्हा सासूबाईंनी भांडी पुन्हा एकदा उजळून ठेवली. चुलत आजीला माहीत होतं. त्यांच्या गाडीवानाला माहीत होतं. ओढ्याकाठी मुलीकडची जी जी माणसं बसली होती, त्या सगळ्यांना माहीत होतं. ज्या एका माणसाला ठाऊक असायला हवं होतं त्यालाच नव्हतं, आणि तो मुंडावळ्या बांधून व्याख्यान देत होता.

मी विचारलं, "मग बोलले कावून न्हाईत? मला एका शब्दानं सांगायचं."

"त्यांनी इचारलं की तुमाला, नवीन काय निघालं न्हाई ना. तुमी हसलात." तिनं घागर फिरवली आणि दुसरी बाजू घासायला घेतली. "आजी लई चिडली व्हती. लेकीची भांडी जाळायला निघालास का म्हनली. आबा तिला म्हनले, भांडं काळं झालं तर घासता येतं. जावायाचा शब्द चार मानसांत खाली पडला, तर तो उचलायचा कुणी?"

मी उठून तिच्या हातातली घागर घेतली आणि घासायला लागलो. मला ते नीट जमत नव्हतं, आणि डोळ्यांत आलेलं पाणी दिसू नये म्हणून खाली बघावं लागत होतं. ती म्हणाली, राख जास्त झाली. मी म्हटलं, असू दे.

मला वाटलं होतं, मामांच्या घरी आता मी पुढं कधी तोंड उघडणार नाही. पण दिवाळसणाला जावयाला जावंच लागतं. गेलो. सासूबाईंनी ओवाळलं, पाटावर बसवलं, आणि माझ्या मोंढ्यातल्या कामाबद्दल असं विचारलं जसं काही तिथं अजून माझाच शब्द चालतो. दुसऱ्या दिवशी सकाळी पारावर माणसं जमली. त्या गावातली बरीच घरं मेंढरांवर जगायची, आणि उन्हाळ्यात मेंढरं चरायला मोगलाईत आणायची. सरकारचा काही नवा नियम निघाल्याची कुणकुण होती. चरून परत न्यायच्या जनावरांनाही आता करोडगिरी लागणार की काय, ह्याची सगळ्यांना धास्ती. मामांनी सर्वांसमोर माझ्याकडं वळून विचारलं, "जावायबापू, तुमी सांगा. आमाला त्यातलं काय कळतंय?"

सगळे माझ्याकडं बघत होते. त्या माणसांत ओढ्याकाठी बसलेले कितीतरी होते. काजळीच्या वासाची आठवण त्यांना नसेल असं होणं शक्य नव्हतं. तरी एकाच्याही तोंडावर हसू नव्हतं. मामांनी सगळ्यांना आधीच बजावून ठेवलं असणार.

जुनी गश्ती मला पाठ होती. तीच ठासून सांगितली असती तरी पारावर कोणी हूं का चूं केलं नसतं. मी म्हणालो, "मामा, मला ठाऊक नाही. नाक्यावर जाऊन विचारायला पाहिजे."

मामांनी क्षणभर माझ्याकडं पाहिलं. मग पटका सावरत उठले आणि म्हणाले, "चला मंग. मी बी येतो सोबतीला."

आम्ही निघालो. वाट अरुंद होती, शेताच्या बांधाची. मामांनी मला पुढं घातलं आणि स्वतः मागून चालू लागले. मी थांबलो की तेही थांबायचे. मी म्हणालो, तुम्ही व्हा पुढं, वाट तुमच्या पायाखालची आहे. ते ऐकून न ऐकल्यासारखं करत राहिले.

नाक्यावर तोच कारकून होता. मला त्यानं लगेच ओळखलं आणि तोंडभरून हसला. मग त्याची नजर माझ्या मागं गेली. "क्यों पाटील," तो मामांना म्हणाला, "कल ही तो बताया था मेंढरों का. भूल गए क्या?"

मी मागं वळलो नाही. मामांचा आवाज मात्र ऐकला. बिलकूल शांत होता. "आमी अडाणी मानसं साहेब, आमच्या ध्यानात ऱ्हात न्हाई. ह्ये आमचे जावाई हायत. ह्ये इचारत्याल, त्यांना नीट सांगा."

कारकून जरा बुचकळ्यात पडला. मग त्यानं पान बाजूला ठेवलं. मी नियम विचारला, कुठली तारीख, कोणत्या जनावराला, परत नेताना काय दाखवायचं. तो सांगत गेला आणि मी एकेक गोष्ट पुन्हा विचारून पक्की करून घेत होतो. मामा माझ्या खांद्यामागं उभे राहून, सगळं पहिल्यांदाच कानावर पडत असल्यासारखं, मन लावून ऐकत होते.